पन्नास फोन

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा बावीस मागांचा कारखाना.
मी तिथं जेकार्डचे पत्ते टोचायचो. अजून टोचतो, कधीमधी.
भोक पाडलं की दोरा वर,
नाही पाडलं की दोरा खाली.
मोराची मान वळायला तीनशे पत्ते लागतात,
आणि एक भोक चुकलं
की प्रत्येक चादरीत मोर त्याच पायानं लंगडतो.

म्हणून बोलावलं असेल मला त्या मीटिंगला,
किंवा खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून.

श्रावंतीनं वडलांची गादी काढून टेबल टाकलंय.
समोर इरेश म्हमाणे, केगावला शिकला, पुण्यात राबला, परत आला.
टॉवेलच्या खोक्यावर पेनानं रेघा मारत सांगत होता :
अँड्रॉइडचं वेगळं बांधू, आयफोनचं वेगळं,
लोण्यासारखं चालेल, खर्च मात्र दुप्पट.
श्रावंतीचे डोळे चमकले.
हैदराबादचा मोठा गिऱ्हाईक आयफोनवाला.

मी विचारलं, "उद्या डिझाइन बदललं
तर पत्ते किती वेळा टोचायचे?"
इरेश हसला. "दोनदा, मामा."
"मग एकदाच लिहून दोन्हीकडं चालवता येत नाही?"
येतं म्हणाला. येतं, पण.
ते 'पण' मला ठाऊक आहे.
साठ इंची मागाचे पत्ते नव्वद इंचीवर चढवले होते एकदा.
मधली नक्षी झकास,
काठ तुटलेला.

मालकीणबाई गप्प. पंखा फिरत होता.
"गिऱ्हाईक काय वापरलालेत, बघितलाव का कुणी?"
मीच बोललो, आणि मीच अडकलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चाटी गल्लीत,
वही घेऊन, दुकानोदुकान.
"फोन दाखवा की ओ जरा."
लोकांना वाटलं जनगणना.
पन्नास फोन बघितले. आयफोन दोन,
त्यातला एक दुकानदाराच्या पोराचा, तोही काच फुटलेला.
तळघरातल्या गोदामात रेंज नाही,
जिन्यावर उभं राहून ऑर्डर सांगतात, ओरडून.

आणि बालमणी अक्का.
दारोदार नॅपकिन विकते, आमची जुनी गिऱ्हाईक.
फोनला रबर बँड लावलेलं.
इरेशनं एक नमुना तिच्या फोनवर टाकायला घेतला,
फोन म्हणाला, जागा नाही.
"काहीतरी काढावं लागेल, अक्का."
ती एकेक फोटो सरकवत गेली.
गड्ड्यातला पाळणा. नातवाचं पहिलं पाऊल.
नवऱ्याचा दवाखान्यातला, हसरा.
मग फोन श्रावंतीपुढं धरून म्हणाली,
"तूच सांग, कुठला काढू?"

परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही.
सात रस्त्याला श्रावंती एवढंच म्हणाली,
"कुणाला काही काढायला लावायचं नाही."

मग ठरलं. नुसती लिंक.
दाबली की पान उघडतं : चादर, माप, रंग, नग.
लिहिता येत नसेल तर बोलून सांगा.
रेंज गेली तर ऑर्डर थांबून राहते,
जिन्यावर आली की आपोआप जाते.
इरेशला पिसारा हलणारा मोर करायचा होता.
श्रावंती म्हणाली, पुढच्या वर्षी, धंदा बघून.
आयफोनवालाही त्याच पानावर येईल,
नाही आला तर फोन करू.

पहिल्या दिवशी मला ते पान दाखवलं.
सवयीनं मी फोन खिडकीच्या उजेडात धरला,
पत्ता धरतात तसा.
काहीच आरपार दिसलं नाही.
मग खाली खाली वाचत गेलो बोटानं,
आणि सापडलं!
टॉवेलच्या खाली सतरंजीचा भाव.
"इरेश, इथं एक भोक चुकलंय."
त्यानं तिथंच बसून दोन बटणं दाबली.
"झालं, मामा. सगळ्यांच्या फोनवर झालं."

सगळ्यांच्या?
एकही चादर न उसवता?

मी चहा घेतला. थोडा रागच आला मला त्याचा.